हायड्रोजन जरूर करा, पण उसाच्या ट्रॅक्टरसाठी नको: सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांना खुले पत्र

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखान्यांचे सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालक मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी वाळवा तालुक्यातला ऊस उत्पादक सभासद आहे आणि नोकरीची बहुतेक वर्षं एका कारखान्याच्या सहवीज विभागात शिफ्ट इंजिनिअर म्हणून काढली आहेत. अलीकडे बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आणि मोळीपूजनाच्या भाषणांत हायड्रोजनचं नाव येऊ लागलं आहे. साखर झाली, वीज झाली, इथेनॉल झालं, आता पुढचा टप्पा हायड्रोजन, असं मांडलं जातं. आपण हायड्रोजन करावा, असं माझंही ठाम मत आहे. पण तो कशापासून करायचा आणि कुठल्या गाडीत भरायचा हे चुकलं, तर बुडणारा पैसा सभासदाचा असेल. म्हणून हे पत्र बंद पाकिटातून न पाठवता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

हा विषय हवेतला राहिलेला नाही, हे आधी मान्य करू. केंद्राने 4 जानेवारी 2023 रोजी 19,744 कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादनाचं उद्दिष्ट त्यात आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपलं धोरण आणलं. पुण्यात केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी मिळून तयार केलेली फ्युएल सेलची, म्हणजे हायड्रोजनपासून गाडीतच वीज तयार करणारी, बस ऑगस्ट 2022 मध्ये लोकांसमोर आली. मार्च 2025 मध्ये टाटा मोटर्सच्या 16 हायड्रोजन ट्रकच्या चाचण्यांना सुरुवात झाली. त्यांत हायड्रोजन थेट इंजिनात जाळणारे ट्रक आहेत आणि फ्युएल सेलवर वीज करून मोटर फिरवणारेही आहेत. चाचण्यांच्या मार्गांत मुंबई-पुण्याचा परिसर आहे. पुण्याहून तोच महामार्ग खंबाटकी चढून साताऱ्यात उतरतो आणि कराड, पेठ नाक्यावरून पुढे जातो. आज ना उद्या हे ट्रक आपल्या दारावरून जाणारच आहेत. त्यांना इंधन कोण देणार, एवढाच प्रश्न आहे.

आता आधी नको काय ते सांगतो, कारण चुकीची सुरुवात तिथूनच होईल. ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर हायड्रोजनवर चालवण्याची कल्पना कुणी घेऊन आलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

हंगामाच्या भरात रात्री कुठल्याही कारखान्याच्या यार्डात उभं राहा. डबल ट्रॉलीच्या रांगा लागलेल्या असतात. नंबर पुकारला की गाडी काट्यावर, मग ऊस टाकायच्या गव्हाणीकडे. तोवर ड्रायव्हर ट्रॉलीखाली घोंगडं टाकून झोपलेला असतो. पाच-सहा तासांची वाट ही रोजची गोष्ट, मध्ये गव्हाण बंद पडली तर विचारायलाच नको. बहुतेक ऊस वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतून येतो. म्हणजे गाडीचं अंतर थोडं आणि ती तासन् तास उभी कुठे, तर स्वतःची वीज तयार करणाऱ्या कारखान्याच्या आवारात. अशा गाडीला बॅटरी लावायची आणि यार्डातच चार्ज करायची, यापेक्षा सोपं काय असेल? डबल ट्रॉली ओढणारे विजेचे ट्रॅक्टर आज सहज मिळत नाहीत, हे खरं आहे. पण पैसा आणि डोकं लावायचंच तर तिथे लावा.

याचं कारण साध्या हिशेबात आहे. पाण्यातून वीज सोडून एक किलो हायड्रोजन काढायला इलेक्ट्रोलायझरला 50 ते 55 युनिट लागतात. त्या एक किलोत ऊर्जा असते सुमारे 33 युनिट. तो दाबून टाकीत भरायला आणखी वीज जाते. मग फ्युएल सेलमध्ये त्यातली निम्मी उष्णता होऊन निघून जाते. मोटरपर्यंत पोचतात सोळा-सतरा युनिट. तीच 55 युनिट बॅटरीत भरली असती तर पंचेचाळीसच्या आसपास मोटरला मिळाली असती. जवळपास तिपटीचा फरक आहे. दुचाकी, मोटारी, गावातल्या शाळेच्या बस, ऊस वाहतूक, जिथे जिथे बॅटरी पुरते तिथे हायड्रोजन आणणं म्हणजे दोन हिस्से वीज वाऱ्यावर सोडणं.

मग हायड्रोजन कुणासाठी? साखरेची पोती घेऊन उरणच्या जेएनपीए बंदराला जाणाऱ्या ट्रकसाठी. शिरवळ आणि कुपवाडच्या एमआयडीसींतला जड माल, तासगाव-मिरज-पलूसची निर्यातीची द्राक्षं नेणारे थंड कंटेनर यांच्यासाठी. या गाड्या भरून जातात, घाट चढतात आणि उभ्या राहिल्या की मालकाचं नुकसान होतं. खंबाटकीच्या चढावर भरलेल्या ट्रकच्या मागे अडकलेल्या प्रत्येकाने तो काळा धूर गिळला आहे. चाळीस टनी ट्रकला बॅटरीवर इतकं अंतर मारायचं तर काही टनांची बॅटरी सोबत वाहावी लागते. तेवढा माल कमी होतो, आणि चार्जिंगला जाणारा वेळ वेगळाच. हायड्रोजनची टाकी काही मिनिटांत भरते. जड ट्रकला शंभर किलोमीटरला सुमारे 8 किलो हायड्रोजन लागतो. कराड ते उरण तीनशे किलोमीटर धरलं तर एका खेपेला 24 किलो. त्याच खेपेला डिझेल ऐंशी-पंच्याऐंशी लिटर जळतं.

टाकीही मोठी लागते, हे सांगायला हवं. 350 बार दाबाला एक लिटर जागेत जेमतेम 24 ग्रॅम हायड्रोजन मावतो. तीस किलोसाठी बाराशे लिटरहून जास्त जागा आणि कार्बन फायबरच्या टाक्या लागतात. बॅटऱ्याही वर्षागणिक हलक्या आणि स्वस्त होत चालल्या आहेत. दहा वर्षांनी या मार्गावरचा ट्रकही बॅटरीवरच परवडू लागेल, हे शक्य आहे. म्हणूनच माझं मागणं एका लहान प्रकल्पापुरतं आहे. प्रत्येक कारखान्याच्या दारात हायड्रोजनची टाकी उभी करायची ही वेळ नाही.

आता कशापासून, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. तुमच्याकडे येणारे बहुतेक प्रस्ताव इलेक्ट्रोलायझरचे असतील. "तुमची वीज आहेच, वीजखरेदीचा करार संपल्यावर दर पूर्वीसारखा मिळत नाही, मग त्याच विजेचा हायड्रोजन करा," असं सांगितलं जाईल. ऐकायला गोड आहे. पण एक टन ओला बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं उसाचं चिपाड, बॉयलरमध्ये जाळला तर कंडेन्सिंग टर्बाइनवर साधारण चारशे ते साडेचारशे युनिट वीज मिळते. 55 ने भागा. हायड्रोजन आठ किलो. युनिटला 5 रुपये धरले तर किलोमागे नुसत्या विजेचेच पावणेतीनशे रुपये झाले. यंत्राचं व्याज, कॉम्प्रेसर, देखभाल यायची बाकीच आहे.

दुसरा रस्ता सरळ बगॅसपासून जातो. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी जैवभार, म्हणजे लाकूड-काडीकचऱ्यासारखा वनस्पतींचा माल, मर्यादित ऑक्सिजन आणि वाफेत तापवून त्याचा वायू केला आणि त्यातून हायड्रोजन वेगळा काढला. एक किलो जैवभारातून 100 ग्रॅम हायड्रोजन त्यांनी मिळवून दाखवला. जैवभारात मुळात हायड्रोजन असतो साठेक ग्रॅम, उरलेला वाफेतून येतो. आपल्या बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, म्हणजे एक टन ओल्या बगॅसचा अर्धा टन कोरडा. प्रयोगशाळेतला आकडा लावला तर 50 किलो हायड्रोजन. आपल्या आवारात तो निम्माच उतरेल असं धरा, तरी 25 किलो. जाळून वीज आणि विजेतून हायड्रोजन या वळणाच्या वाटेवर तोच बगॅस आठ किलो देतो.

रोज 5,000 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात चौदाशे टनांच्या आसपास बगॅस निघतो. त्यातले फक्त 10 टन बाजूला काढा. दोन डबल ट्रॉली उसाचा तो बगॅस. त्यातून रोज 250 किलो हायड्रोजन मिळाला तर साखरेच्या ट्रकच्या बंदरापर्यंतच्या पाच जाऊन-येऊन खेपा होतात. तेवढ्या बगॅसची वीज विकली असती तर बावीस हजार रुपये आले असते, म्हणजे किलोमागे कच्च्या मालाचे नव्वद रुपये. हा आकडा विचार करण्यासारखा आहे. वर ऑक्सिजनचं यंत्र, शुद्धीकरण आणि दाबाचा खर्च येणार आणि तो लहान नाही. आज डिझेलशी बरोबरी होईल, असा दावा मी करत नाही.

अडचणी कुठे येतील हे बॉयलर हाउसमध्ये काम केलेल्या माणसाला लगेच दिसतं. बगॅस हलका, तंतूंचा आणि ओला. तो वाळवावा लागेल, दाबून कांड्या कराव्या लागतील. वाळवायला चिमणीतून फुकट जाणारी उष्णता आहे. जैवभाराच्या वायूत डांबर येतं, ते पाइप आणि व्हॉल्व्ह तुंबवतं. फ्युएल सेलला 99.97 टक्के शुद्ध हायड्रोजन लागतो, जरासा कार्बन मोनॉक्साइड गेला तरी सेल खराब होतो. सुरुवातीला हायड्रोजन इंजिनात जाळणारे ट्रक घेतले तर शुद्धतेची अट बरीच सैल होते, मात्र त्यांच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडं राहतात. हे सगळं कागदावर सुटणार नाही, यंत्र चालवूनच सुटेल. आणि रोज हजारो टन बगॅस हाताळणारी माणसं आपल्याकडेच आहेत.

बगॅसमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून या हायड्रोजनला हिरवा म्हणता येतं. उसाला टाकतो त्या युरियामागेही हायड्रोजनच आहे. पण तो बहुतांशी नैसर्गिक वायूपासून होतो आणि किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड सोडून येतो. नुसतं हायड्रोजन म्हटलं की स्वच्छ, असं नसतं.

पाण्याबद्दल जत, आटपाडी, माण, खटावच्या लोकांना शंका येणार आणि ती यायलाच हवी. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्यासाठी आपल्या जिल्ह्यांत पिढ्या लढल्या आहेत. त्या लोकांना "इंधनासाठी पाणी" म्हटल्यावर काय वाटेल, हे संचालकांनी ओळखावं. पण याचं उत्तर कारखान्यातच आहे. उसात सत्तर टक्के पाणी असतं. 5,000 टन उसासोबत रोज 35 लाख लिटर पाणी गेटमधून आत येतं. त्यातलं काही बगॅसमध्ये जातं, बरंचसं रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमधून वाफ होऊन, थंड होऊन पुन्हा कंडेन्सेट म्हणून खाली येतं. रात्रपाळीला कंडेन्सेटच्या हौदाजवळ उभं राहिलं की गोडसर वासाची गरम वाफ तोंडावर येते. बॉयलरला लागतं तेवढं घेऊनही हे पाणी उरतं आणि ते थंड करून स्वच्छ करायचीच खटपट चाललेली असते. किलोभर हायड्रोजनला शुद्धीकरण धरून वीस लिटर पाणी म्हटलं तरी 250 किलोला 5,000 लिटर, टँकर अर्धाही भरत नाही. तेव्हा ठरावातच लिहा की कृष्णेचं किंवा कुठल्याही उपसा योजनेचं एक लिटरही या प्रकल्पाला घेतलं जाणार नाही.

कोयनेच्या विजेवर कुणी डोळा ठेवू नये. 1,960 मेगावॉटचा तो प्रकल्प मागणीच्या वेळी राज्याला सावरतो, आणि वीज करून पश्चिमेकडे जाणाऱ्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. वनकुसवडे, चाळकेवाडी, ढालगावच्या पवनचक्क्यांचं वेगळं आहे. त्या पावसाळ्यात जोरात फिरतात आणि त्याच वेळी कारखाने बंद असतात. पुढेमागे लहान इलेक्ट्रोलायझर बसवायचाच झाला तर त्या विजेवर बसवता येईल. पण ते नंतर.

सुरक्षेबाबत घाबरूनही चालणार नाही आणि गाफील राहूनही. हायड्रोजन हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना दिसत नाही. तो अतिशय हलका असल्यामुळे उघड्यावर झपाट्याने वर निघून जातो, पण बंद छपराखाली साचतो. म्हणून शेडला वरून मोकळी वाट हवी, वायू ओळखणारी यंत्रं हवीत, आणि साठा बगॅस यार्डापासून व डिस्टिलरीपासून लांब हवा. उन्हाळ्यात बगॅस यार्डाला आग लागली की काय होतं, ते कारखान्याच्या माणसांना सांगायला नको. साध्या पोलादाचे पाइप हायड्रोजनने ठिसूळ होतात, तिथे जुन्या पाइपांचा जुगाड करू देऊ नका. आणि इथेनॉलचे टँकर हायड्रोजनवर चालवायची घाई तर अजिबात नको. आधी साखरेच्या पोत्यांचे ट्रक चालू द्या.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. या प्रकल्पासाठी ऊसबिलातून एक रुपयाही कपात नको. परतीची ठेव नको, बिनपरतीचीही नको. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, तुकड्यातुकड्यांनी मिळणाऱ्या सभासदाला "भविष्यातलं इंधन" म्हणून आणखी थांबायला सांगणं अन्याय होईल. इथेनॉलचा अनुभव ताजा आहे. कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या, आणि 7 डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी आली. ती आठवडाभरात सैल झाली, पण त्या आठवड्यात किती संचालकांची झोप उडाली ते तुम्हालाच ठाऊक. एकाच गिऱ्हाइकावर आणि एकाच धोरणावर विसंबून कर्ज काढू नये. बगॅसच्या या प्रयोगात एक बरं आहे, तो फसला तर 10 टन बगॅस पुन्हा बॉयलरला जातो.

म्हणून हे एकेकट्याने करायचं काम नाही. दोन्ही जिल्ह्यांतल्या कारखान्यांनी मिळून एकच प्रकल्प उभा करावा, तोही महामार्गालगत, कराड ते पेठ नाका या पट्ट्यात. कुठल्या कारखान्याच्या जागेत, यावरून घोडं अडणार याची मला कल्पना आहे. त्या वादात राजकारण आणू नका, ही हात जोडून विनंती. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आपलीच आहे, आराखडा त्यांच्याकडून घ्या. बंगळूरूच्या विज्ञान संस्थेला आणि शेतातल्या अवशेषांपासून हायड्रोजनवर काम केलेल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला सोबत घ्या. अनुदान केंद्राच्या आणि राज्याच्या योजनांतून मागा आणि ते हातात आल्यावरच खड्डा खणा. सांगलीचं वालचंद कॉलेज आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहेत. आयटीआयच्या पोरांना उच्च दाबाच्या वायूचं काम शिकवायला इथेच यंत्र मिळेल. किर्लोस्करवाडीत 1910 पासून यंत्रं बनत आली, साताऱ्याच्या कूपरने डिझेल इंजिनं केली. हायड्रोजनचे पंप, व्हॉल्व्ह, इंजिनचे भाग इथे बनू शकणार नाहीत असं म्हणायला मी तयार नाही.

ट्रक कारखान्याने विकत घेऊ नयेत. वाहतूकदारांना भाड्याने चालवायला मिळतील अशी सोय कंपन्यांकडून करून घ्यावी. मुकादमाला उचल देऊन ऊसतोड टोळी न आल्याने बुडालेले गाडीमालक गावोगाव आहेत. त्यांच्या डोक्यावर दुप्पट-तिप्पट किमतीच्या ट्रकचं कर्ज आणखी चढवू नका.

आणि आकडे लपवू नका. टनाला किती किलो हायड्रोजन निघाला, किती वीज लागली, किती पाणी लागलं, ट्रकने शंभर किलोमीटरला किती खाल्ला, किती दिवस यंत्र बंद होतं, हे दर महिन्याला गेटवरच्या फलकावर आणि वर्षाच्या शेवटी वार्षिक अहवालात छापा. दोन हंगाम चालवून आकडे जमले नाहीत तर बंद करा आणि तेही सभेत सांगा. सभासद समजून घेतील.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नका. विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांक द्या, प्रस्तावाची प्रत पंधरा दिवस आधी गट कार्यालयांत ठेवा आणि चर्चेला वेळ द्या. आकडेमोडीचे कागद घेऊन मी कुठल्याही कारखान्याच्या संचालक मंडळासमोर यायला तयार आहे, निरोप तेवढा पाठवा.

आपला नम्र,
एक ऊस उत्पादक सभासद
तालुका वाळवा, जिल्हा सांगली